आधी सोडतो कसा ते दाखव

डॉयल स्केग्ज काउंटरवर तीन चक मांडतो,
खेकडे पाठीवर उलटे ठेवावेत तसे.
बाहेर जुलैचं धुकं हुऑन नदीवर बसलंय
आणि माझी बस साडेतीनची आहे.

पहिला स्वस्त. दोन भोकं, दोन दांडे,
एक दांडा या हाताने धरायचा, दुसरा त्या हाताने फिरवायचा,
आणि लाकूड धरायला
तिसरा हात घरून आणायचा.
भाऊ असता, क्लेम, तर म्हणाला असता,
घे की, तुला तोंडही आहे.

दुसऱ्याला चावी. एका हाताने फिरते.
तिसरा काळा, जाडजूड.
उचलला, तर मनगट म्हणालं, नको.
या मनगटांनी एकतीस वर्षं
पॅकिंग शेडमध्ये सफरचंदं कागदात गुंडाळली,
आता त्यांना स्वतःचं मत आहे.

"बैल धरेल हा," डॉयल म्हणतो.
माझ्याकडे बैल नाही.
माझ्याकडे आहे बंद पडलेल्या शाळेच्या लिलावातला लेथ,
ज्याचे आटे जगात कुणाशी जुळत नाहीत,
म्हणून त्याची फेसप्लेट मी पिशवीत घालून आणलीय,
भांड्याचं झाकण शोधायला निघाल्यासारखी.
आणि आहेत सफरचंदाच्या झाडांचे सात बुंधे,
बाबांनी सरकारचे पैसे घेऊन बाग उपटली
त्या वर्षीचे.
झाडामागे किती मिळाले, कधी बोलले नाहीत.
ट्रॅक्टर साखळी ओढायचा
आणि मुळं ओला कपडा फाटावा तशी यायची.
बाकी सगळं जाळलं.
हे सात तेवढे शेडमागे लोटून ठेवले,
चिरू नयेत म्हणून टोकांना रंग फासून.
तरी चिरलेच. थोडे.

आजवर मी लाकडाला ठोकळा चिकटवत आले,
मधे वर्तमानपत्राचा कागद.
वाडगा झाला की पटाशी लावायची, एक टोला,
कागद उभा फाटायचा,
अर्धी बातमी वाडग्याखाली, अर्धी ठोकळ्यावर.
बरी होती पद्धत.
पण सरस वाळायला अख्खी रात्र घेतो,
आणि रात्री मी आता मोजून खर्च करते.

"धरतो कसा ते सगळेच सांगतात," मी म्हणते,
"तू आधी सोडतो कसा ते दाखव."
डॉयल गप्प.
मी कोटाच्या खिशातून लहानसं सफरचंद काढते,
दुसऱ्या चकात ठेवते, चावी फिरवते.
चारही जबडे एकदम येतात,
कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही,
साल दबते, रस फुटत नाही.
उलटी फिरवते. चारही एकदम मागे.
मनगट काही बोललं नाही.

"आतूनही धरतो हा," डॉयलचा आवाज आता दुकानदाराचा नाही,
"तळाला उथळ खळगा कोरायचा,
जबडे मिटून आत घालायचे, मग उघडायचे.
उघडताना पकडतो."
हे त्याला दोनदा सांगावं लागलं.
आमच्या घरात पकड म्हणजे आवळणं,
दुसरा प्रकार कुणी पाहिला नव्हता.

त्याने कॅलिपर लावून आटे मोजले, शिट्टी घातली.
मधला जोडतुकडा होबार्टहून यायचा, दहा दिवस.
चक मात्र मी त्याच दिवशी घेतला, मांडीवर.
सफरचंद बसमध्येच खाल्लं.
त्यावर चार डाग होते, चारही सारखे तपकिरी.

अकराव्या दिवशी पहिला बुंधा चढवला.
कुसू लांब राहिलं होतं, चकाच्या तळाला टेकलं,
खांदा जबड्यांवर बसलाच नाही,
आणि मी चावी आवळून स्वतःवर खूश.
लेथ सुरू केला.
बुंधा खिडकीची चौकट चाटून
थेट कोंबड्यांत.

मी चष्मा पुसला, बाहेर गेले.
गवतात पडला होता, एका बाजूने सोललेला,
आत गुलाबी, पन्नास वर्षांनीही,
आणि वास नव्हता, मी नाक लावून पाहिलं.
कुसू तीन मिलिमीटर कापलं.
पुन्हा चढवला.

कोंबड्या अजून त्या जागेला
वळसा घालून चालतात.