शेरा

सदरबझारात नगरपालिकेचे बावन्न फॉर्म घेऊन फिरतोय.
फॉर्ममागे ऐंशी रुपये, टेप स्वतःची.
टेपचं दुसरं टोक तिमण्णा धोत्रेच्या हातात.

वास्तूचे नाव: बर्फखाना.
आता इथं सिलिंडर ठेवतात.
कॅम्पातल्या साहेबलोकांसाठी भुशात गुंडाळून बर्फ यायचा,
असं शेजारच्या बेकरीतले शांतवन लोंढे सांगतात
आणि लगेच म्हणतात, लिहू नका हो, मी पाहिलेलं नाही,
बापानंही पाहिलं नव्हतं.
बांधकाम: काळा दगड, चुना.
छप्पर: मंगलोरी, अर्धं पत्र्याचं.
मालक: वाद कोर्टात.
स्थिती: बरी.

बांधणाऱ्याचे नाव
हे कचेरीतून छापूनच आलंय. एक कॅप्टन,
तीन फॉर्मांवर तीन तऱ्हांनी लिहिलेला.

उत्तरेची भिंत मोजताना टेप सैल पडली.
तिमण्णा नखानं शेवाळ खरवडत होता.
दगडात तीन रेघा, एका टोकाला जुळलेल्या:
कावळ्याचा पाय.
पलीकडे मासा.
खाली अर्धा चंद्र, घाईत मारलेला.

"हिशेब हाय ह्यो. ज्यानं दगड घडला त्याची खूण.
सांजंला मुकादम मोजायचा,
जेवढ्या खुणा तेवढं पैसं.
खूण आतल्या अंगाला बसवायची आसती.
ही भाईर ऱ्हायली. गवंडी नवखा आसंल."
आणि हसला,
जणू त्या गवंड्याला कालच कुणी झापलंय.

मग मोजमाप सोडून आम्ही कावळेच मोजत बसलो.
अजिंक्यताऱ्यावरचं ऊन उतरलं.
सिलिंडरचा टेम्पो येऊन, रिकामा होऊन गेला.
अकरा.
बारावा कावळा की नुसता ओरखडा,
यावर एकमत होईना.

"तुमच्यातलाच कुणी असेल?"
"काय ठावं. आमच्यात कावळा नव्हता.
आज्जा इंचू काढायचा."

शेवटचा रकाना सगळ्यात अरुंद. शेरा.
एकवीस फॉर्मांत तिथं मी 'निरंक' लिहिलंय.
बाविसाव्यात बारीक अक्षरात लिहिलं:
उत्तर भिंत. कावळ्याचा पाय, अकरा दगड.
मजुरी पोचली की नाही, नोंद नाही.

परवा फॉर्म परत आला. लाल शाई:
शेरा असंबद्ध. दुरुस्त करून सादर करावा.
ऐंशी रुपये अडकले.

तिमण्णाला घेऊन पुन्हा गेलो, ओला फडका नेला,
भिंत पुसली, उन्हात नीट पाहिली.

दुरुस्त केला.
अकराच्या जागी बारा.