कार्पेट एरिया

लॅमिंग्टन रोडला दुसऱ्या माळ्यावर माझं टेबल.
श्रीरंग आणि मुकुंद पाठारे समोर बसले,
मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून.
वडिलांच्या स्टुडिओतली डिस्क.
ठाकूरद्वारचा स्टुडिओ मार्चमध्येच विकला.
'साफ करा. दोन सारखे भाग पाडा.'

काळ्या पडद्यावर मी आधी यादी मागते.
एसडीए माझी, एसडीबी यांची.
एका अक्षराचं अंतर.
इथे बोट घसरलं तर माझी सहा वर्षं जातील
आणि मशीन 'अरेरे'सुद्धा म्हणणार नाही.
म्हणून ते अक्षर मी दोनदा वाचते, ओठ हलवून.

पुसण्याआधी माउंट करून बघते, फक्त वाचण्यापुरतं.
चाळीस हजार पासपोर्ट फोटो.
निम्मं गिरगाव सरळ माझ्याकडे बघतंय,
कान दिसतायत, दात दिसत नाहीत.
'यातलं काही हवंय?'
मुकुंद घड्याळ बघतो. श्रीरंग पंखा.
'नको.'

मग आकडा आला: नऊशे एकतीस.
'अहो, वर तर एक हजार छापलंय! बाकीचे एकोणसत्तर?'
आणि दोघं पहिल्यांदाच एकमेकांकडे नीट बघतात.
मी सांगते, कंपनी हजारानं मोजते, मशीन एक हजार चोवीसनं.
पटत नाही.
'असं समजा, ते बिल्ट-अप होतं. हे कार्पेट.'
'हां!' एका सुरात.
मुंबईत एवढं पुरतं.

चारशे साडेपासष्ट इकडे, तेवढेच तिकडे.
आमच्या खोलीतल्या प्लायवूडच्या पार्टिशनला
इतकं मोजमाप नव्हतं;
पलीकडून दादाचं खोकणं ऐकू यायचं.
इथे पलीकडचं काहीच ऐकू येत नाही.

फॉर्मॅटला सात सेकंद लागले.
खरं तर एवढ्यात काही पुसलं जात नाही,
फक्त जिन्याखालची नावांची पाटी उतरते.
माणसं असतात आपापल्या खोल्यांत,
नवं कुणी येऊन बसेपर्यंत.
हे त्यांना सांगायला हवं होतं.
मी बिल लिहीत होते.

शेवटी दोन्ही भाग माउंट करून दाखवले.
रिकामे. प्रत्येकात एकच फोल्डर, आपोआप झालेला,
नाव 'हरवलं-सापडलं'.
'हे काय?' श्रीरंग.
'सिस्टीमचं असतं. राहू द्या.'
'दोघांनाही आलाय ना?'
'हो. दोघांनाही.'

उमाउंट केलं, मग केबल काढली.
डिस्क कुणी न्यायची, यावर
ते अजून जिन्यात उभे आहेत.