आंबवण

पिठात घालायची सूर मी पिठात घातली नाही, सायबा.
इनास रेंदेर पहाटे दोन मडकी ठेवून जाई दारात,
एक पिठाला, एक मला.
पुढे पुढे दोन्ही मलाच.
उंडे फुगेनासे झाले. चेहरा तेवढा फुगला.

राय गावाला ठाऊक आहे सगळं.
माझ्या सायकलचा भोंगा थांबला
त्या आठवड्यात बायका एकमेकींना विचारत होत्या,
पोदेर मेला की काय?
मेला नव्हता. भट्टीत राख होती
आणि राखेत मांजर निजत होतं.
पिएदाद पोरीला घेऊन वास्कोला गेली, बहिणीकडे.
जाताना पिठाची चाळण तेवढी घेऊन गेली.
का, ते मी अजून विचारलेलं नाही.

आमच्या चर्चात बर्फाची सायबीण आहे.
बर्फ इथे कुणी पाहिलेला नाही,
मासळीच्या पेटीतला सोडून.
लहानपणी वाटे, पोदेराच्या घरच्यांनी
तिच्याकडे मागावं तरी काय?
आमचं सगळं आयुष्य आगीपाशी.
गेल्या वर्षी मात्र काहीतरी थंड मागावंसं वाटलं,
तापलेल्या कपाळावर ठेवतात तसं.
मागितलं नाही. लाज वाटली.

पवित्र गुरुवारी दुपारी घंटा वाजवणारा शाबी आला.
"बारांतला एक आजारी पडलाय.
पाद्र विगार म्हणतात, कायतानला बोलाव."
मी म्हटलं, माझे पाय बघितलेस?
निखाऱ्यांचे डाग, भेगांत जुनं पीठ,
अंगठ्याचं नख तर कधीचंच गेलेलं.
तो म्हणाला, "आहेत ना? दोन?"

बसलो बाकावर, सगळ्यात शेवटी.
अकराही जणांनी पाय घरूनच धुऊन आणलेले.
मीही धुतले होते, विहिरीवर, दोनदा.
भेगांतलं निघालं नव्हतं.
पाद्र गुडघ्यांवर आला. म्हातारा माणूस,
हाडं वाजलेली मला ऐकू आली.
वाटलं, आता काहीतरी म्हणेल,
हरवलेल्या मेंढराबिंढराचं.
उत्तर मी तयार ठेवलं होतं, कडू.
त्याने टाच तळव्यात धरली
आणि हळूच विचारलं,
"पाणी फार गार नाही ना?"

सात महिन्यांत मला कुणी
असं काही विचारलं नव्हतं
ज्याचं उत्तर खरं देता आलं असतं.
"नाही, पाद्र. बरं आहे."
तेवढंच माझं कुमसार, सायबा. तेवढंच धर.

शुक्रवारी राख काढली. तीन घमेली.
मांजराला पोत्यावर हलवलं, ते रागावून गेलं.
शनिवारी रात्री चर्चाच्या अंगणात जाळ केला,
एका मेणबत्तीवरून दुसरीवर, अंधारात,
ज्योत माझ्यापर्यंत आली.
ती हाताआड धरून घरापर्यंत आणली.
वाटेत दोनदा विझली.
दुसऱ्यांदा शाबीच्या लायटरने पेटवली.
तुला चालतं ना तसं?

उधारीची यीस्टची पुडी. चाळण नाही,
पीठ बोटांनीच चाचपत निवडलं.
मळलं, ओल्या फडक्याखाली ठेवलं.
यापुढे पोदेराचं काही काम नसतं.
बापाने शिकवलेलं, उघडून बघायचं नाही.
मी चार वेळा बघितलं.
पाचव्या वेळी हात लावायच्या आत
फडकंच वर आलेलं दिसलं, जरासं,
आत कुणीतरी श्वास घेतल्यासारखं.

पहिला घाणा करपला.
दुसरा एका बाजूने.
पहाटे इनास सवयीने मडकं ठेवून गेला,
ते अजून दारात आहे. वास येतो.
त्याच्या बाजूनेच सायकल काढली, भोंगा दाबला,
आणि पहिल्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं,
"आरे, जिवंत!"

आता चार उंडे बाजूला, कोरड्या कापडात.
वास्कोची बस सव्वासातला.
दार उघडेल की नाही, ठाऊक नाही.
पोचेपर्यंत गरम राहू देत एवढे,
बर्फाच्या सायबिणी.
हे तुझ्या कामातलं नाही,
तरी मागून बघतो.