आस

प्रणितानं अंगणात चटई ओढली, मोबाइल मांडीवर घेतला
आणि म्हणाली, मावशी, आधी ठरव तुला बसायचंय कुठे.
मी म्हटलं, वेंगुर्ल्याच्या बाजारात, कोपऱ्यावर,
सासू बसायची तिथेच.
ती हसली. तिथे नाही गो. इथे.
आणि काचेवरची चार रंगांची चार दारं दाखवली.

सगळीकडे बसायचं असतं, असं तिला
कुडाळच्या कॉलेजात शिकवलेलं.
मी सोडे उलथत होते.
एक हात उलथायला, एक कावळे हाकायला.
तिसरा कुठून आणू?

होडी विकली त्याआधी घरवाला चार तऱ्हेची जाळी बाळगून होता.
चारही एका दिवशी पाण्यात गेलेली मी पाहिली नाहीत.
सुरमईच्या जाळ्यातून तारली निसटते,
तारलीचं जाळं सुरमई फाडून जाते.
तो आधी बोटं घालून आस बघायचा, मग दर्या.
हे मी प्रणिताला सांगितलं नाही.
तिला वाटलं असतं, म्हातारी घसरली परत समुद्रावर.

पहिली रील निघाली. त्यात माझे नुसते हात,
कोलंबी सोलणारे, आणि मागे कसलंतरी गाणं.
अकरा हजारांनी बघितलं.
निवतीतली माणसं, कुत्री, होड्या सगळं मोजलं
तरी तेवढं भरायचं नाही.
कुणी लाल बदाम टाकले, कुणी लिहिलं, काय सुंदर हात.
छप्पन्न वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.
खोटं कशाला बोलू, त्या रात्री हातांना खोबरेल लावलं.
नागपूरच्या एकानं विचारलं, याला वास येतो का?
प्रणिता लिहायला लागली, थोडासा.
मी म्हटलं, पूस ते. लिही, येतो. वासाचेच पैसे आहेत.
तो परत फिरकला नाही.
अकरा हजारांत पाव किलोचा धनी एक निघाला नाही.

मोठा व्हिडिओ चढवायला ती जेटीवर गेली,
रेंज तिथेच.
रात्री अकरापर्यंत चाक फिरत राहिलं,
पोरगी मच्छर चावून घेऊन परत आली.

फेसबुकवर गाववाले भेटले.
गिऱ्हाईक होतं तिथे, नव्हतं असं नाही,
पण आमचा दीरही होता.
त्यानं माझ्या सोड्यांच्या फोटोखाली
सामायिक माडांचा विषय काढला.
सत्तावीस जणांनी त्यावर मत दिलं.
सोड्यांचा भाव कुणी विचारला नाही.

उरलं ते हिरवं दार.
माझ्या फोनात दोनशे बारा नंबर,
नावं मी ठेवलेली:
परळ सोडे. डोंबिवली कुबल वहिनी. बांगडा मास्तर. विरार उधार.
पुडा हुंगून कुरिअरवाल्यानं परत दिला,
तर रातराणीचा ड्रायव्हर इस्माईल डिकीत मागच्या बाजूला ठेवतो,
त्याच्या घरी वाटाभर जवळा जातो.

प्रणिता चाचरत म्हणाली, पण मावशी,
स्टेटसवरचा फोटो एका दिवसात जातो हां.
तिला वाटलं, मला पटायचं नाही.
मला तर त्या सगळ्यात तेवढंच कळलं होतं.
लिलावात कालची टोपली कोण उघडतं?
रोज सकाळी ऊन चटईवर आलं की एक फोटो.
भाव. नंबर. झालं.
तिची रीलही चालू आहे, तिच्या हौसेची.
त्यात आता तिचेच हात असतात.

गेल्या मंगळवारी मळभ होतं.
सोडे डब्यातून काढलेच नाहीत, फोटोही नाही.
संध्याकाळी जेटीवर गेले तर फोन पिशवीत थरथरायला लागला.
परळ सोडे: आज काय नाय?
डोंबिवलीची वहिनी आवाजात बोलली होती, मागे कुकरची शिटी,
बरी आसस मा गो? फोटो दिसलो नाय तुझो.
मग नुसतीच शिटी, मग,
आणि अर्धो किलो ठेव माका.

मी तिथेच दगडावर बसून तिचं दोनदा ऐकलं.
विरार उधारनं नुसता अंगठा पाठवला होता.