बारा आणे आतडं

मोजणीची जुनी साखळी तेहेतीस फुटांची,
सोळा आण्यांची.
परभणीच्या डॉक्टर काझी मॅडमनी
आतड्याची लांबी सांगितली, पंचवीसेक फूट,
मी मनातल्या मनात भाग दिला :
बारा आणे.
एवढ्याचीच मोजणी
अठरा वर्षं कुणाला जमली नव्हती.

मी सेलू तालुक्यात लोकांच्या हद्दी दाखवतो.
कुठला दगड सरकला, कुठली बाभूळ दाट,
सगळं पाठ आहे.
बाभळीचं नकाशासाठी नाही.

ओवा झाला, बाळंतशोपा झाल्या,
बेंबीला हिंग झाला,
मेव्हण्यानं लातूरहून आणलेलं कडू चूर्ण झालं.
प्रभावतीनं मीठ उतरून चुलीत टाकलं.
मग रक्त, मग सोनोग्राफी, मग खालून दुर्बीण.
प्रत्येक कागदावर एकच शेरा :
नॉर्मल.
मेव्हणा म्हणाला, ‘कायीच नाही तुमाला.
मनाचे खेळ हायेत.’
कायीच नाही
ते सकाळी चारदा पळवायचं,
मग तीन दिवस दगड होऊन बसायचं,
मग पोटात वारं शिरलेली ताडपत्री.

मॅडमनी आधी धंदा विचारला.
मग वजन घटलं का, रक्त पडतं का,
रात्री झोपेतून उठवतं का.
नाही. नाही. नाही.
‘मग ऐका, लोमटे.
जमीन जागेवर आहे. तडा नाही, खड्डा नाही.
वाद वहिवाटीचा आहे.
डोकं आणि आतडं एकाच बांधावर राहतात,
एक ओरडलं की दुसरं काठी घेऊन उठतं.
दुखणं खरं आहे.
फक्त फोटोत येत नाही.’

रडू येईल असं वाटलं.
गॅस आला.
त्या म्हणाल्या, ‘तेही चालेल.’

दोन महिने टिपण लिहिलं, टोकदार पेन्सिलीनं.
सोमवार. कुपटा. चहा सात.
(एका भावाचा घेतला की दुसऱ्याचा घ्यावाच लागतो,
नाहीतर पक्षपात.)
तीन वाजता कळ.
शनिवार. साडूकडं. कांदा घालून पिठलं, पोटभर.
हसणं त्याहून जास्त. काही नाही.
गुरुवार. उपास. हातात फक्त एक नोटीस,
चुलत भावांच्या मोजणीची.
कळ.
पेन्सिल खाली ठेवली.

आता दुधाचा चहा एकच, घरचा.
शिवारात कोरा; रुसायचं त्यानं रुसावं.
रात्री इसबगोल, तांब्याभर पाण्यात.
गजर अर्धा तास आधी,
पोटाला सकाळी घाई सोसत नाही म्हणून.
खिशात कळेची गोळी; बऱ्याचदा तशीच परत येते.
बरा झालात का, विचारतात.
नाही.
माझी आणि त्याची वहिवाट ठरली, एवढंच.
कधी ते मोडतं, कधी मी.

मागच्या महिन्यात मुळ्यांच्या शिवारात
साखळी ताणलेली, माणसं दोन्हीकडं उभी,
आणि कळ आली.
पूर्वी मी झेंडी विसरल्याचं सोंग केलं असतं.
या वेळी मोठ्यानं म्हणालो,
‘थांबा. मला संडासला जायचंय.
जवळ कुणाचाय?’
दत्तरावानं बोट केलं.
भुजंगरावानंही केलं.
दोन्ही बोटं एकाच पत्र्याच्या दाराकडं,
वादातल्या पट्ट्यात.

आत बसलो. पोटातून श्वास घेतला,
मॅडमनी शिकवला तसा, हळू.
बाहेर बराच वेळ गप्प.
मग एक आवाज, ‘पाणी हाय का आत?’
दुसरा, ‘सकाळीच भरलंय.’
बारा वर्षांत बोलले नव्हते म्हणे.
लगेच शेणाच्या उकिरड्यावरून
पुन्हा जुंपली, ती गोष्ट वेगळी.

हात धुतले, साखळी उचलली.
संडास कुणाच्या हद्दीत निघाला
ते टिपणात आहे.
इथं लिहीत नाही.