नागाच्या पोटात

गिरणी बंद पडून इतकी वर्षं झाली
की तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं
आता घरोघरी भिंतीवर आहेत, हार घालून.
पण अनंत चतुर्दशीला झांकी निघते.
वर्गणी येते, कमीच येते.
रामाधार फिटर शिव्या देत प्लायवूड मोजतो,
नफीस वेल्डिंगचे पैसे घेत नाही, चहा मात्र सहा वेळा,
आणि मी, विमा कचेरीतली शरयू टिल्लू,
दहा दिवस संध्याकाळी
थर्माकोलच्या लाटा निळ्या रंगवते.
माझा निळा जरा हिरवट होतो.
रामाधार म्हणतो, चलेगा भिया,
अपनी कान्ह से तो साफ है यमुना.
बाईलाही भिया. इंदुरात चालतं.

यंदा कालियामर्दन.
कृष्ण नऊ फुटी, खाली पाच फण्यांचा नाग, मोटरवर डोलणारा.
चिकमंगलूर चौराह्यावरून निघालो तेव्हा डोलत होता.
जेल रोडला मोटरीतून धूर.
नंदलालपुऱ्याला नाग मेला.

पुढे आखाडा, पट्टा फिरवणाऱ्या पोरी, मागे ढोल,
दोन्हीकडच्या ओटल्यांवर दुपारपासून सतरंज्या टाकून बसलेलं शहर,
आणि मध्ये आमचा नाग, मान टाकून.
आत शिरायचं भोक दीड फुटाचं.
रामाधारचे गुडघे गेलेले. नफीस रुंद.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आत अंधार. थिनरचा वास, ओल्या लाकडाचा,
डोक्याशी हजार दिव्यांच्या वायरींचं जाळं,
आणि एक लोखंडी दांडा, जुन्या मागाचा काढलेला.
त्याच्यावर कुणाच्या तरी तळहातानं
घासून घासून बैठक करून ठेवली होती.
माझा हात तिथं लगेच बसेना.
तो हात मोठा असणार.

फिरवला. वर काहीतरी करकरलं.
बाहेर आरोळी, जी गया रे, जी गया!

फटीतून मला दिसलं ते एवढंच:
चपला. तुडवलेला बुंदीचा लाडू.
कुणाच्या खांद्यावरून लोंबणारे दोन इवले पाय, एकाच पायात पैंजण.
पाण्याचा पाउच आत सरकवणारा एक हात,
पोवळ्याची अंगठी घातलेला. माणूस नाही दिसला.
जवाहर मार्ग गेला, नृसिंह बाजार गेला,
कसा सजला होता, मला विचारू नका.

खजुरी बाजारात दंड भरून आला
तेव्हा डोळ्यांपुढची फळी दिसली.
फळी जुनी. दरवर्षी तीच लावतात, उलटसुलट करून.
तिच्यावर पेन्सिलीचं अक्षर, शाळेतलं वळण:
*हळू फिरव. पोरं बघतायत.*
त्याखाली वेगळं, हिंदीत:
*बारा चक्कर, फिर दम लो.*
त्याखाली, घाईचं:
*८३. पाऊस. तरी निघालो.*
सही कुणाचीच नाही.

बाबांचं अक्षर शोधलं मी, खोटं कशाला बोलू.
बाबा रंगखात्यात होते. आत कधी आलेच नसतील,
किंवा येऊन गेले असतील
आणि लिहिण्यासारखं त्यात काही वाटलं नसेल.
मग मी बारा फेऱ्या मोजल्या.
दम घेतला. पुन्हा बारा.
त्या मधल्या वेळात नाग थबकायचा
आणि बाहेर गर्दी गप्प व्हायची.
लोकांना वाटलं, मुद्दाम आहे.

पहाटे साडेचारला राजवाड्याच्या पुढं
मला पाय धरून बाहेर ओढलं.
कुर्त्याला ग्रीस, केसांत भुसा.
नफीसनं पोहे दिले, वर जास्तीची शेव;
हात थरथरत होता, निम्मे सांडले.
एका पोरानं मोबाइल पुढं धरला,
मावशी, ही बघा तुमची झांकी.
एवढासा कृष्ण, एवढासा नाग.
एके ठिकाणी मधला फणा जरा जास्तच खाली जातो
आणि उशिरा वर येतो.
तिथं बहुतेक मी घाम पुसला होता.

गिरणीच्या फाटकात परत आलो तेव्हा उजाडलेलं.
रामाधारच्या कानामागची पेन्सिल मागून घेतली
आणि पुन्हा आत शिरले,
या वेळी कुणी पाहिलंही नव्हतं माझ्याकडे.
सगळ्यांत खाली जागा होती थोडी. लिहिलं:
*दांडा डावीकडं अडतो. तेल घाला.
बाकी रस्ता छान.*