भाग क्रमांक सदतीस

मंगफ, तिसरा मजला, शुक्रवार.
दुपारची नमाज आटोपून सगळे आडवे झालेत
आणि मी एक रणगाडा कापतो आहे.

नखाएवढे भाग. चाकं दहा, दातेरी दोन,
साखळीच्या दोन पट्ट्या, कडीकडीवर घडी.
घडी आधी संपलेल्या बॉलपेनाने दाबून घ्यायची, मग मोडायची;
नाहीतर कागद आपल्या मनाने मोडतो,
आणि कागदाचं मन आपल्याला परवडत नाही.

फेविकॉल टूथपिकच्या टोकावर, मुंगीला पुरेल इतका.
तोफेची नळी अगरबत्तीच्या काडीवर गुंडाळली,
काडी ओढून काढली,
नळीला अजून मोगऱ्याचा वास आहे.

आईला फोनवर म्हटलं, टँक बनवतोय.
म्हणाली, किती लिटरची?
खरं सांगितलं. मग बराच वेळ
पलीकडून फक्त मिक्सर.
"पस्तिशीला आलास," एवढंच म्हणाली.

कापलेली कड पांढरी दिसते,
तिथेच खेळण्याचं बिंग फुटतं.
म्हणून कडांना ब्रशने चहा लावला, कोरा, बिनसाखरेचा.
(पहिल्या रणगाड्याला साखरेचा लावला होता.
मुंग्यांची अख्खी पलटण चढून आली.)

धूळ विकत आणावी लागली नाही.
एसीची जाळी काढली, परवाच्या वादळाचं पीठ
बोटाने टिपलं. चाकांना थोडं, मागच्या अंगाला जास्त.
रण म्हणजे लढाई, रण म्हणजे वाळवंट,
आपल्या भाषेने एका शब्दात दोन्ही भागवलं.

मेसचे अब्बास मुकादम आले, बाणकोटचे,
कोपरापर्यंत कणीक.
त्या ऑगस्टात ते इथेच होते, खुबूसच्या भट्टीवर, वय एकवीस.
चष्मा कपाळावर सरकवून वाकले.
"साखळी ढिली कर. वरनं झोळ पडतो तिला.
आनि मागं गादी बांध."
गादी?
"गादी. निळ्या फुलांची. कुनाच्या तरी घरातली.
दोरीवर बनियनी सुकत."

मग म्हणाले, "मानूस कुठं हाय यातला?"

झाकण मी चिकटवून टाकलं होतं. भाग क्रमांक सदतीस.
"उघड. उघडंच असायचं. आत भाजून निघायची पोरं.
एक उतरला, पायात चपला.
रांगेत उभा राहिला, आमच्या सगळ्यांच्या मागं,
बंदूक पाठीला."
पैसे दिले त्याने?
"मोजून," मुकादम म्हणाले.
कणकेची एक सळी मनगटावरून सोलून काढली.
"दुसऱ्या दिवशी नाय दिले."

ब्लेडचं टोक घालून झाकण उचललं,
खालचं भोक कापलं, मोबाइलचा दिवा धरला.
आत पांढरं नव्हतं.
ऑफिसातल्या रद्दीच्या पाठीवर छापलं होतं मी सगळं,
मार्चची ओव्हरटाइम शीट,
तीच घडी पडून आतल्या भिंती झाली होती.
उलटा राजेंद्रन, अर्धा मोनिरुल,
अकरा तास, अकरा तास, साडेतेरा,
आणि जिथे दारूगोळा ठेवत असावेत
तिथे फोरमनची सही.

मुकादमांना दाखवलं. त्यांनी फक्त आकडे वाचले.

तेवढ्यात कंप्रेसर धडधडला, झोत आला
आणि रणगाडा सरकायला लागला टेबलावरून,
तिरका, खेकड्यासारखा, आवाज न करता.
मुकादमांनी तोंडातली खजुराची बी काढली,
लुंगीला पुसली, भोकातून आत सोडली.
टक्.
"आता नाय हलायचा," म्हणाले
आणि पोळ्या राहिल्यात म्हणून निघून गेले.

गादी करायची आहे अजून.
तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत
निळी फुलं किती बसतील, सांगता येत नाही.
पेन्सिलीला टोक काढतो आहे.